लहान मुलांचं सलाईन सारखं आउट का जातं? (पट्टी, फळी, मोजा वगैरे)

पंचवटी_एक्सप्रेस
भाचा, वय वर्षे चार, डेंगी. गंगापूर रोडकडच्या एका बालरुग्णालयात ॲडमिट होता. आता घरी आलाय आणि दंगा पूर्ववत सुरू आहे, त्यामुळे हा काळजीचा धागा नाही. पण तिथे जे पाहिलं त्यावर इथल्या जाणकारांचं मत हवंय.

त्या पोराला डेंगीपेक्षा सलाईनने जास्त छळलं. लावलं की काही तासांत हात सुजायचा, सिस्टर म्हणायच्या "आउट गेलं", की पुन्हा नवी शीर शोधा, पुन्हा रडारड. बरं, प्रत्येक पाळीची बांधायची तऱ्हा निराळी. सकाळच्या सिस्टरनी नुसती पारदर्शक पट्टी लावली. दुपारच्यांनी त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचे वेढे दिले. रात्रीच्यांनी सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून फळी केली आणि वरून क्रेप बँडेज. त्याने ओढू नये म्हणून आमच्या आईने त्यावर मोजा चढवला. शेवटी कोपरापासून बोटांपर्यंत हात दिसेनासाच झाला.

तर, घट्ट बांधलं की टिकतं हे खरं का? आणि पालकांनी यात बोलावं की गप्प बसावं?

टवाळ_नाशिककर
फेव्हिक्विक. एक थेंब. विषय संपला.

मनुची_आई
आमच्याकडेही हेच झालं होतं. मनु दीड वर्षाची, जुलाब-उलट्या. घट्ट बांधलेलं टिकलं हो, पण सोडल्यावर मनगटाला पट्टीचा काच पडलेला आणि कातडी सोललेली. ते बरं व्हायला जुलाबांपेक्षा जास्त दिवस लागले.

सौ_इंदिरानगर
मुळात आत सुई असताना हात हलवू द्यायचाच नाही. सुई शिरेला टोचते आणि शीर फुटते. आमच्या सासूबाई नातवाचा हात धरून रात्रभर बसायच्या.

अंबडचा_वेल्डर
मिपा... सॉरी, चुकीचा ग्रुप. वाचतोय. +१ मनुची_आई.

सिस्टरकाकू
लिहावं की नाही असं करत होते, पण सौ_इंदिरानगर यांचं वाचून राहवलं नाही. ताई, आत सुई नसते. सुईवर चढवलेली बारीक प्लास्टिकची नळी असते. नळी शिरेत सरकवली की सुई बाहेर काढून टाकतात. आपण तिला इंट्राकॅथ म्हणतो. त्यामुळे हात जरा हलला म्हणून काही टोचत नाही. सासूबाईंना रात्री झोपू द्या.

माझी निम्मी नोकरी बालवॉर्डात गेली, थोडी सरकारी, थोडी खाजगी. मुलांचं सलाईन टिकत नाही याचं पहिलं कारण हातच लहान. पोरांना पिवळी इंट्राकॅथ लावतात, २४ गेज (गेज म्हणजे जाडीचा आकडा; आकडा मोठा तेवढी नळी बारीक). अगदी तान्ह्यांना कधी जांभळी, २६. पिवळीची लांबी १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. गुटगुटीत पोराच्या हातात त्यातली बरीचशी चरबीतच संपते, शिरेत उरते ती थोडीशी. मनगट वाकलं, पोर हातावर झोपलं, की टोक शिरेच्या बाहेर. मग पाणी शिरेऐवजी मांसात उतरतं आणि हात फुगतो.

आता बांधण्याचं. स्पिरिट वाळू द्यायचं. ओल्यावर पट्टी लावली की तासाभरात कडा उचलतात, शिवाय कातडी चुरचुरते. नळी जिथे आत जाते ते छिद्र पारदर्शक निर्जंतुक पट्टीखाली, म्हणजे सतत दिसतं. मायक्रोपोरच्या बारीक पट्ट्या इंट्राकॅथच्या पंखांवर, छिद्रावर नाही. पंखांखाली गॉजची चिमुकली घडी, नाहीतर प्लास्टिक कातडीत रुततं. आणि मग मुख्य काम: सलाईनच्या नळीचा एक लूप घ्यायचा आणि तो वेगळ्या पट्टीने हातावर चिकटवायचा. पोराने नळी ओढली तर हिसका लूपला बसला पाहिजे, इंट्राकॅथला नाही. लूप नसेल तर वरून किती का गुंडाळा, पहिल्या हिसक्याला बाहेर.

फळी सांध्याजवळ लागतेच. पण कापूस घालून मऊ केलेली, बोटं आणि अंगठा मोकळे, मूठ सैल मिटल्यासारखी. पट्टीचा जो भाग कातडीवर येणार त्याला दुसरी पट्टी उलटी चिकटवायची, गोंदाला गोंद. म्हणजे फळी धरली जाते आणि कातडी ओढली जात नाही. खोक्याचा पुठ्ठा मीही वापरलाय, प्रत्येक पोराला नवा. भिजला की फेकायचा.

बाकी, अंगठा चोखणाऱ्या पोराच्या त्या हाताला लावू नये आणि चालत्या पोराच्या पायाला शक्यतो नको, हे आईने आधीच सांगितलेलं बरं. आम्हाला कसं कळणार कुठला अंगठा लागतो ते.

मनुची_आई
काकू, गोंदाला गोंद! हे कुणीच का करत नाही?

सिस्टरकाकू
करतात गं. वेळ असेल तर.

द्राक्षवाला
मी पिंपळगाव बसवंतचा, दवाखान्यातलं काही कळत नाही. पण बागेत काडी तारेला बांधताना नवा गडी हमखास सुतळी आवळून बांधतो, वाऱ्याने हलू नये म्हणून. काडी जाड होते आणि तिथेच काचते. जुना गडी आठाचा आकडा घालून सैल बांधतो. काकूंचा लूप वाचून तोच आठवला.

सिन्नरकर
सगळं ठीक, पण काही ठिकाणी सिस्टर लोकांना काही विचारायची सोय नाही. आमच्या पुतणीच्या वेळी एका खाजगी दवाखान्यात सलाईन पंपावर होतं, म्हणजे ठरावीक वेगाने ढकलणाऱ्या यंत्रावर. रात्री दोनला सांगितलं की हात सुजलाय. उत्तर आलं, "पंप चालू आहे ना? मग बरोबर आहे." सकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा हात कोपरापर्यंत टम्म.

बायोमेडिकल_बाबा
सिन्नरकर, इथे मला तोंड घालावंच लागेल. पंप दुरुस्त करणं हा माझा धंदा.

पंपाचा अलार्म वाजतो तो नळीत दाब वाढला की: नळी मुडपली, थ्री-वे (नळीतला तीन तोंडांचा छोटा नळ) बंद राहिला, किंवा इंट्राकॅथ तुंबली. औषध शिरेबाहेर मांसात जात असेल तर सुरुवातीला दाब तेवढा वाढतच नाही. लहान पोराचं मांस मऊ, पाणी सामावून घेतं. पंपाला शीर आणि मांस यातला फरक कळत नाही, तो इमानेइतबारे ढकलत राहतो. म्हणून "अलार्म नाही म्हणजे सगळं ठीक" हे वाक्य दवाखान्यात कुणी उच्चारू नये. मी ट्रेनिंगला जातो तिथे हे प्रत्येक वेळी सांगतो. अर्धे लोक मोबाईल बघत असतात.

साध्या थेंबाच्या सेटवर निदान थेंब मंदावलेला दिसतो. तोही नेहमी नाही.

टवाळ_नाशिककर
म्हणजे पंप आमच्या बॉससारखा. आउटपुट कुठे जातंय ते बघायचं नाही, जातंय ना, बस.

डॉ_गोदाकाठ
बालरोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाच्या पेशंटबद्दल बोलणार नाही, मूळ प्रश्नाबद्दल बोलतो.

आधी टवाळ यांना धक्का देतो. तुमचा विनोद वैद्यकशास्त्रात खरोखर आहे. वैद्यकीय सायनोॲक्रिलेट म्हणजे फेव्हिक्विकच्याच कुळातला, पण शरीरावर वापरण्यासाठी वेगळा बनवलेला निर्जंतुक गोंद. तो छिद्रापाशी लावून कॅथेटर, म्हणजे तीच इंट्राकॅथ, पक्कं करायची पद्धत आहे. घरचं फेव्हिक्विक कुणीही कुणाच्याही अंगाला लावू नये, ते तापतं आणि कातडी भाजते.

आता कोणती पट्टी सर्वांत चांगली? ऑस्ट्रेलियात मोठ्या माणसांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. साधी पारदर्शक पट्टी, कडांना जास्त धरणारी पट्टी, वेगळं पकड-साधन लावून पट्टी, आणि गोंद लावून पट्टी, असे चार गट. चारही गटांत साधारण ४० टक्के इंट्राकॅथ काम संपायच्या आधी निकामी झाल्या. गोंदवाला गट ३८, साधी पट्टी ४३, म्हणण्यासारखा फरक नाही. ही मोठी माणसं, सांगितलेलं ऐकणारी. चार वर्षांच्या पोराकडून आपण काय अपेक्षा ठेवतो ते बघा. म्हणून आउट जाणं हा दर वेळी कुणाचा निष्काळजीपणा नसतो. आउट गेलेलं उशिरा कळणं, तिथे मात्र प्रश्न विचारायलाच हवेत.

आता घट्ट की सैल. पट्टीने कॅथेटर धरायचं असतं, हात नाही. हाताभोवती पूर्ण वेढा दिला की दोन तोटे: सूज आली तर ती झाकली जाते, आणि सूज वाढली तर वेढा आवळतो आणि पुढचा रक्तपुरवठा अडतो. मुलांमध्ये नियम असा की सलाईन चालू असताना निदान तासाला एकदा ती जागा बघायची, हात लावायचा आणि दुसऱ्या हाताशी ताडून बघायची. मऊ आहे का, कोरडी आहे का, उबदार आहे का, दुखतंय का. फुगलेली, गार, फिकट असेल तर पाणी बाहेर जातंय. लाल, गरम, शिरेच्या बाजूने लालसर रेघ असेल तर शिरेला सूज आहे. दोन्हीत तिथलं सलाईन थांबवायचं. क्रेप बँडेज आणि मोजा चढवल्यावर यातलं काय दिसणार?

नुसतं सलाईन मांसात गेलं तर एक-दोन दिवसांत ओसरतं. पण कॅल्शियम, तीव्र डेक्स्ट्रोज, पोटॅशियम, फेनिटॉइन, व्हॅन्कोमायसिन, डोपामिन अशी औषधं बाहेर गेली तर कातडी मरते, कधी प्लास्टिक सर्जनकडे जावं लागतं. तेव्हा इंट्राकॅथ घाईने उपसायची नाही. आधी औषध बंद, मग त्याच नळीतून जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढायचं, हात उंच. काही औषधांवर उतारा म्हणून हायल्युरोनिडेजसारखी इंजेक्शनं देतात. शेक गरम की गार हे औषधावर ठरतं, त्यामुळे आजीने परस्पर बर्फ किंवा मिठाची पुरचुंडी लावू नये.

सौ_इंदिरानगर
प्लास्टिकची नळी असते हे खरंच माहीत नव्हतं. ही कधीपासून आली?

बायोमेडिकल_बाबा
अवांतर, पण आवडता विषय. १९५० मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा नावाच्या डॉक्टरांनी सुईवर प्लास्टिकची नळी बसवून ती शिरेत सरकवायची युक्ती प्रसिद्ध केली. त्याआधी धातूची सुईच आत ठेवायची, तेव्हा हात हलवू नका हे बरोबर होतं. आपल्या आज्ज्यांचं ज्ञान त्या काळातलं आहे.

पंचवटी_एक्सप्रेस
धागा फारच भारी चाललाय. म्हणजे आईचा मोजा काढायला हवा होता तर. पण मोजा नसला की भाचा दाताने पट्टी सोडवायचा, त्याचं काय?

सिस्टरकाकू
मोजा पुढून कापायचा, बोटं बाहेर, आणि पारदर्शक पट्टीच्या जागी खिडकी. किंवा जाळीचं नळीसारखं बँडेज मिळतं ते, त्यातून दिसतं आणि सरकवून बघता येतं. नख दाबून सोडायचं, गुलाबी रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. आणि दुसऱ्या हातात खेळणं द्या. रिकामा हातच पट्टी सोडवतो.

एक राहिलं. हातातलं कडं, मनगट्या, काळा दोरा, पायातले वाळे, सगळं आधी काढायचं. हात सुजला की कडं रुततं, मग कापायला कटर शोधत फिरायचं. मी पाहिलंय.

सौ_इंदिरानगर
काळा दोरा तान्ह्याच्या हातातून काढायचा? दृष्टीचा असतो तो.

सिन्नरकर
झालं. धागा काळ्या दोऱ्यावर गेला.

सिस्टरकाकू
ज्या हाताला सलाईन नाही त्या हाताला सैल बांधा, नाहीतर उशीखाली ठेवा. मी कधीच कुणाचा दोरा फेकला नाही, आईच्या हातात काढून दिलाय. नसत्या वादात वेळ घालवायचा नाही, पोराचा हात महत्त्वाचा.

विद्यार्थिनी_म्हसरूळ
मी नर्सिंग शिकतेय. एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) पोस्टिंगला पहिल्याच दिवशी मॅडमनी सगळ्यांच्या खिशातल्या कात्र्या काढून ठेवायला लावल्या. बाळाची पट्टी काढताना कात्री वापरायची नाही. पट्टीखाली बोट कुठे आहे ते दिसत नाही आणि तान्ह्या बाळाचं बोटाचं टोक कापलं गेल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत. पट्टी ओली करून सोडवायची, कितीही वेळ लागो.

आणि कमी दिवसांच्या बाळांची कातडी इतकी नाजूक की पट्टीबरोबर वरचा थरच निघून येतो. म्हणून आधी कातडीवर हायड्रोकोलॉइड नावाच्या मऊ, कातडी जपणाऱ्या पट्टीचा पातळ तुकडा आणि चिकटपट्टी त्यावर. नाळेतून घातलेली लाईन असेल तर पोटावर दोन बाजूंना दोन तुकडे उभे करून मध्ये पट्टीचा पूल करतात, लाईन त्या पुलाला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते फुटबॉलचं गोलपोस्टच वाटलं, आणि इंग्रजीत नावही तेच निघालं.

टवाळ_नाशिककर
खिशातल्या कात्र्या काढून ठेवायला लावणाऱ्या मॅडमना साष्टांग.

लढवय्या_पिल्लाची_आई
तुम्ही सगळे हातावरच्या सलाईनबद्दल बोलताय. माझ्या मुलाला रक्ताचा कॅन्सर होता. आता उपचार संपलेत, शाळेत जातो. त्याच्या छातीत हिकमन लाईन होती, म्हणजे छातीतून मोठ्या शिरेत घातलेली नळी, महिनोन् महिने. ती लाईन गेली तर पुन्हा ऑपरेशन थिएटर, त्यामुळे तिची धास्ती वेगळीच.

छातीतून बाहेर आलेली नळी लोंबकळता कामा नये हे आम्हाला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. नळीवर कातडीच्या आत एक कापडासारखा पट्टा असतो, त्यात काही आठवड्यांनी मांस भरतं आणि मग ती आतून पकडली जाते. तोपर्यंत सगळा भार टाक्यांवर. मी त्याच्या सगळ्या बंड्यांना आतून छोटा खिसा शिवला होता, सुती, वर एक टिचबटण. नळी गोल गुंडाळून त्यात. रात्री झोपेत त्याचा हात गेला तरी खिसा ओढला जायचा, नळी नाही. टिचबटण बाहेरच्या अंगाला, नाहीतर छातीला टोचतं.

पारदर्शक ड्रेसिंग आठवड्याने, गॉजचं असेल तर दोन दिवसांनी, आणि भिजलं किंवा सुटलं की लगेच. गोदावरीत डुबकी वगैरे कडक बंद. आजी म्हणाल्या नुसते पाय बुडवू दे, तेवढे बुडवले. आणि कायम जवळ एक चिमटा. नळी कुठे चिरली तर चिर आणि शरीर यांच्यामध्ये, म्हणजे मुलाच्या बाजूला चिमटा लावायचा आणि पळायचं. आमच्यावर वेळ आली नाही, पण चिमटा त्याच्या शाळेच्या दप्तरातसुद्धा होता.

द्राक्षवाला
ताई, तुम्हाला आणि पोराला दंडवत.

डॉ_गोदाकाठ
खिशाची युक्ती मी उद्यापासून आमच्याकडच्या आयांना सांगणार. तीन वर्षांखालच्या मुलांना नळी बंडीच्या आतून खाली नेलेली बरी, झोपेत गळ्याभोवती यायला नको.

१०८_वाला
रुग्णवाहिकेवर असतो. सुरगाणा, पेठकडून पोरं नाशिकला आणतो. घाटात लाईन जात नाही, घाटात सगळे जपून असतात. लाईन जाते ती इथे पोचल्यावर, स्ट्रेचरवरून पलंगावर घेताना. एक जण पोर उचलतो, बाटली दुसऱ्याच्या हातात, तिसरा चादर ओढतो. मी आता ओरडूनच सांगतो, "आधी नळी कुठे आहे ते बघा, मग उचला." नातेवाइकांना राग येतो. येऊ दे. पोराला पुन्हा टोचण्यापेक्षा बरं.

सिन्नरकर
पण कुणी हे बोलणार का, की रात्री एका सिस्टरकडे इतकी पोरं असतात की तासाला हात बघणं शक्यच नाही? नियम सांगून काय होणार.

सिस्टरकाकू
मी बोलते. शक्य नसतं. म्हणूनच मी आईला शिकवून ठेवायचे. दुसऱ्या हाताशी ताडून बघ, फुगलं, गार लागलं, पट्टी ओली झाली, पोर नळीच्या जागी हात लावला की रडतंय, तर मला उठव, मी रागावले तरी उठव. आईइतकं त्या हाताकडे कुणाचं लक्ष नसतं. मात्र रोलरला, म्हणजे थेंबांचा वेग ठरवणाऱ्या नळीवरच्या चाकाला, हात लावायचा नाही, थेंब आपल्या मनाने वाढवायचे-कमी करायचे नाहीत. तेही काही जण करतात, लवकर संपावं म्हणून.

सिन्नरकर दादा, रात्री "पंप चालू आहे ना" असं ऐकलं तर एवढंच म्हणा, "सिस्टर, पट्टी जरा उघडून दोन्ही हात एकदा शेजारी धरून बघता का?" हात समोर धरला की कुणी नाही म्हणत नाही.

संपादक
फेव्हिक्विकवरचे उपप्रतिसाद उडवले आहेत. पुरे.

डॉ_गोदाकाठ
मूळ प्रश्नाला धरून एक गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. पोर पाणी पीत असेल, लघवी नीट होत असेल, उलट्या थांबल्या असतील, तर पुष्कळदा सलाईनची गरज संपलेली असते. डेंगीतही प्रत्येक मुलाला सलाईन लागत नाही, काहींना ओआरएस, पेज, नारळपाणी पुरतं. उलट डेंगीत रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, ती गळती थांबल्यानंतर सलाईन चालू राहिलं तर ते अंगात साठून धाप लागू शकते. पण पालकच म्हणतात, "ॲडमिट केलंय तर निदान एक बाटली तरी लावा." आउट गेलं की आधी विचारा, "पुन्हा लावायची गरज आहे का? तोंडाने देता येईल का?" मुलांची इंट्राकॅथ नीट चालत असेल तर ठरावीक दिवस झाले म्हणून बदलत नाहीत, पण काम संपल्यावर "असू द्या, लागली तर" म्हणून ठेवूही नये.

पंचवटी_एक्सप्रेस
हे मात्र बहिणीने शेवटच्या दिवशी विचारलं होतं आणि खरंच परत लावलं नाही! सगळ्यांचे आभार. एक शेवटचं: हातावर चिकटपट्टीचा काळा गोंद अजून आहे, घासला की पोर बोंबलतं. आणि जिथे आधीचं सलाईन होतं तिथे शीर दोरीसारखी कडक लागते. चोळायची का?

सिस्टरकाकू
गोंदावर खोबरेल लावून ठेवा, थोड्या वेळाने ओल्या फडक्याने पुसा. घासू नका. पुढच्या वेळी पट्टी काढताना वर उपटायची नाही, कातडी एका हाताने दाबून धरायची आणि पट्टी कातडीला समांतर, केसांच्या दिशेने, हळूहळू मागे दुमडत न्यायची.

डॉ_गोदाकाठ
कडक शीर चोळू नका. नुसती कडक असेल तर काही आठवड्यांत हळूहळू मऊ पडते. लाल झाली, गरम लागली, पू दिसला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा, फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका.